पुस्तक मिटून काढलेल्या नोट्स : नववी-दहावीसाठी, विषयवार

पुण्याचा भाचा मे महिन्यात आमच्याकडे इंदूरला आला होता. शेजारची नववीतली मुलगी दारातूनच म्हणाली, "काकू, माझी कॉपी तुमच्याकडे राहिली का?" तर हा डोळे मोठे करून माझ्याकडे बघायला लागला. त्याच्या गावी कॉपी म्हणजे परीक्षेतली लबाडी. आमच्याकडे कॉपी म्हणजे साधी वही. हिंदीतून आली आणि मराठी घरांत रुळली. हसणं झालं. पण त्या मुलीची कॉपी उघडली तेव्हा वाटलं, भाच्याचा अर्थ अगदीच चुकीचा नाही. विज्ञानाचं अख्खं प्रकरण तिनं चार रंगांच्या जेल पेनांनी, मोत्यासारख्या अक्षरात, पुस्तकातून उतरवून काढलं होतं. कॉपी मिटून विचारलं, "पाण्याच्या पेल्यातला चमचा वाकडा का दिसतो?" गप्प.

मी घरी नववी-दहावीची ट्यूशन घेते, आणि दर वर्षी जूनमध्ये पहिला आठवडा याच कामात जातो: उतरवणं थांबवायचं आणि नोट्स काढायला शिकवायचं. इथल्या मराठी मुलांची भाषेची कसरत वेगळी असते. घरात मराठी, शाळेत इंग्रजी किंवा हिंदी, गल्लीत माळव्याच्या ठसक्याची हिंदी. पालकांना हे ओझं वाटतं. मला ती सोय वाटते. कशी, ते पुढे येईलच.

आधी सामान

खजुरी बाजारात शाळा उघडायच्या आधी गर्दी उसळते तेव्हा मुलं चकचकीत कव्हरांच्या, चिकटपट्ट्यांच्या मागे लागतात. लागतं फार थोडं. शाळेत न्यायला एक कच्ची कॉपी, सगळ्या विषयांना मिळून एकच. घरी विज्ञान आणि सामाजिक विज्ञानासाठी एकेक मोठं रजिस्टर. गणितासाठी दोन कॉप्या: एक सरावाची, एक चुकांची. भाषांना मिळून एक. निळं पेन, लाल पेन, पेन्सिल. बस.

रजिस्टरमध्ये डावीकडे चार बोटं समास सोडा. शाळेत आखतात तो दीड बोटाचा पुरत नाही. लिहायचं फक्त उजव्या पानावर, डावं पान कोरं. कागद वाया जातो म्हणून आजोबा कुरकुरतील. जानेवारीत तीच कोरी पानं उपयोगी पडतात.

रोजचा क्रम

वर्गात कच्च्या कॉपीत चारच गोष्टी टिपायच्या. फळ्यावरची आकृती, सरांनी दिलेलं पुस्तकाबाहेरचं उदाहरण, "हे पेपरात येतं" असं मॅडम म्हणाल्या ती जागा, आणि जिथे कळलं नाही तिथे मोठं प्रश्नचिन्ह. पुस्तकात छापलेलं वाक्य पुन्हा लिहू नका. ते घरी आहेच.

त्याच दिवशी संध्याकाळी, एका विषयाला वीस-पंचवीस मिनिटं. वर्गात झालेला तेवढाच भाग पुस्तकातून वाचा, वाचताना पेन हातात नको. मग पुस्तक मिटा आणि आठवेल ते निळ्या पेननं उजव्या पानावर लिहा. तुटक लिहिलं तरी चालतं. अडलं तर दोन ओळी सोडून पुढे जा. सगळं संपलं की पुस्तक उघडा, आणि जे सुटलं, जे चुकलं, ते लाल पेननं भरा.

या क्रमात सगळ्यात मोलाचं काय असेल तर ती लाल शाई. निळं तुम्हाला येतं, लाल येत नाही. परीक्षेआधी काय वाचायचं याची यादी वेगळी करावीच लागत नाही, ती पानावर तयार असते. सुरुवातीला पान रक्ताळल्यासारखं दिसतं आणि एखादी आई मला फोन करते, "ताई, ह्याला काहीच येत नाही वाटतं." येतं हो. महिन्याभरात लाल कमी होतं. आणि ज्याच्या पानावर लाल मुळीच नाही, त्यानं पुस्तक उघडं ठेवून लिहिलंय हे मी न विचारता ओळखते.

मग समासात प्रश्न लिहायचे. दर परिच्छेदासमोर एक, असा की त्याचं उत्तर म्हणजे तो परिच्छेद. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी गेल्या शतकाच्या मध्यात रुजवलेली ही पद्धत जगभर चालते. उजळणी करताना पान पुठ्ठ्यानं झाका, समास तेवढा उघडा ठेवा आणि प्रश्नांची उत्तरं तोंडी द्या. नुसतं वाचत बसलं की सगळं ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजे येणं नव्हे.

उजळणी कधी? हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःच्याच विसरण्याची मोजदाद केली आणि १८८५ मध्ये ती छापली. विसरण्याचा वेग पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात सर्वात जास्त असतो, मग मंदावतो, असं त्यात दिसलं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात प्रत्येक वेळी तारीख टाका. हे अंतर मुहूर्तासारखं पाळायचं नाही. एक दिवस इकडेतिकडे झाला तर काही बिघडत नाही.

आता ती सोय. पान झालं की घरातल्या कुणालाही, शक्यतो आजीला, तो भाग दोन मिनिटांत मराठीत सांगायचा. पारिभाषिक शब्द पुस्तकातले राहू द्या, पण वाक्य घरचं हवं. पाठ केलेलं इंग्रजी किंवा हिंदी वाक्य मराठीत आणायचं तर ते आधी समजावं लागतं; घोकलेलं तिथे अडखळतं. एकभाषी घरातल्या मुलाला ही परीक्षा इतकी सहज मिळत नाही.

विज्ञान : शब्दांनी केलेला घात

मी स्वतः आठवीपर्यंत महाराष्ट्रात मराठी माध्यमात होते आणि नववीला इथे हिंदी माध्यमात आले. सहामाहीत प्रश्न होता, अम्ल आणि क्षारक यांच्या अभिक्रियेतून काय मिळतं. मी छातीठोकपणे लिहिलं, "क्षार और पानी." भोपळा. मराठी पुस्तकात आम्ल आणि आम्लारी (हिंदीतलं क्षारक) मिळून क्षार आणि पाणी तयार होतं. हिंदी पुस्तकात त्याच पदार्थाला लवण म्हणतात, आणि क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारा क्षारक, म्हणजे जवळजवळ उलट टोक. मला विषय येत होता, शब्दानं घात केला.

म्हणून विज्ञानाच्या रजिस्टरची शेवटची पाच-सहा पानं शब्दांसाठी राखा. तीन उभे रकाने: शाळेच्या पुस्तकातला शब्द, घरचा मराठी शब्द, आणि एका ओळीत अर्थ. नुसतं भाषांतर नको. महाराष्ट्रातल्या नातेवाइकांनी पाठवलेली मराठी पुस्तकं वापरणाऱ्यांनी, किंवा तिकडून बदली होऊन आलेल्यांनी, हे करायलाच हवं. ऑक्सिडीकरण इथे उपचयन होतं, क्षपण अपचयन होतं. गणितात घनफळाचं आयतन, छेदाचा हर, गुणोत्तराचं अनुपात होतं. आणि प्रमाण जपून: मराठीत ते दोन राशींचं असतं, हिंदीत प्रमाण म्हणजे पुरावा. भूगोलात रेखांशाला देशांतर म्हणतात हे कळेपर्यंत मला तो शब्द परदेशी जाण्याबद्दल वाटायचा.

आता तो चमचा. त्या मुलीकडून नंतर जे पान लिहून घेतलं, ते साधारण असं होतं.

समासात प्रश्न: चमचा पाण्याच्या पृष्ठभागापाशीच का वाकतो? समोर आधी आकृती, पेन्सिलनं, पुस्तक न बघता: पाण्याची रेषा, तिच्यावर उभी स्तंभिका (हिंदी पुस्तकात अभिलंब), पाण्यातून येणारा किरण, हवेत गेल्यावर स्तंभिकेपासून दूर झुकलेला. खाली: "प्रकाश हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो, पाण्यात सुमारे सव्वादोन लाख. वेग बदलतो म्हणून तिरपा किरण दिशा बदलतो. डोळ्याला वळण कळत नाही, तो किरण सरळच आला असं धरतो, म्हणून चमच्याचं टोक वर उचललेलं दिसतं." पुढे लाल शाईत: "३ भागिले २.२५ म्हणजे १.३३, हाच पाण्याचा अपवर्तनांक." हे तिनं आधी नुसतं पाठ केलं होतं, भागाकार करून बघितला नव्हता. दुसरा प्रश्न तिनं स्वतःच लिहिला: ४ फूट खोल हौद वरून किती खोल दिसेल? ४ भागिले १.३३, म्हणजे सुमारे ३ फूट.

हे सगळं तिनं रात्री आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "म्हणूनच ओंकारेश्वरला घाटावर पायरी जवळ दिसते आणि पाय खाली जातो." ते वाक्य मी पानाच्या तळाशी लिहायला लावलं.

रसायनशास्त्रात समीकरण आधी शब्दांत लिहा, मग संज्ञांत, मग संतुलित करा. तीन ओळी, तिन्ही ठेवायच्या. जीवशास्त्रात आकृती हेच टिपण. हृदय, नेफ्रॉन, पचनसंस्था कोऱ्या डाव्या पानावर आठवून काढा, नावं द्या, मग ताडून पाहा.

गणित : चुकांची कॉपी

गणिताच्या नोट्स नसतात. सोडवलेली उदाहरणं सुंदर उतरवून ठेवणं हा माझ्या मते निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. सूत्रांसाठी एक पान पुरे. बाकी सराव, आणि चुकांची कॉपी.

चुकांच्या कॉपीत प्रत्येक चुकलेलं उदाहरण जसं चुकलं तसंच लिहायचं, चुकीच्या पायरीखाली लाल रेघ मारायची, शेजारी बरोबर पायरी आणि चुकीची जात. जाती चारच धरा: चिन्हाची, उतरवण्याची, सूत्राची, न समजल्याची. एक नमुना बघा.

१० − (क्ष − ३) = ४

मुलानं लिहिलं: १० − क्ष − ३ = ४, म्हणून क्ष = ३.

ताळा: १० − (३ − ३) = १०. चार यायला हवे होते, चुकलं.

बरोबर: १० − क्ष + ३ = ४, म्हणून क्ष = ९. ताळा: १० − ६ = ४.

जात: चिन्हाची. कंसाबाहेर उणे असलं की आतलं प्रत्येक चिन्ह पालटतं.

दोन महिन्यांनी जाती मोजा. एका मुलाच्या चुकांत निम्म्याहून जास्त चिन्हांच्या निघाल्या. तो मात्र "मला बीजगणित जमत नाही" म्हणत रडत होता. त्याला बीजगणित जमत होतं, कंस सोडवताना घाई नडत होती. आठवडाभर फक्त कंस सोडवून घेतले. ताळा करायची सवय तर कमाईची आहे. वर्गसमीकरणाची उत्तरं परत घालून बघायला मिनिटही लागत नाही.

भूमितीत प्रमेयाचं विधान, आकृती आणि सिद्धता यांतली आकृती दर वेळी फिरवून काढा. त्रिकोण नेहमी पायावर उभा असतो असं मनात बसलं की पेपरातला आडवा त्रिकोण ओळखू येत नाही.

भूगोल घरापासून

भूगोलाच्या पानावर अर्धी जागा नकाशाला. छापील नकाशात रंग भरणं वेगळं, आणि हातानं वेडावाकडा भारत काढून त्यात नर्मदा ओढणं वेगळं. दुसरं करा.

शिवाय प्रत्येक प्रकरणाला इंदूरचं एक टोक बांधा. जलविभाजक शिकताय? महूजवळचा जानापावचा डोंगर घ्या. तिथून चंबळ निघून उत्तरेला यमुनेकडे जाते, म्हणजे तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात. त्याच डोंगररांगेच्या दक्षिण उताराचं पाणी नर्मदेला, म्हणजे अरबी समुद्रात. पावसाळी सहलीला सगळे जातातच. या वेळी वर उभं राहून दोन्हीकडे बोट दाखवा. काळी माती शिकताय? लाव्हारसापासून झालेल्या बेसाल्टची झीज, ओल धरून ठेवणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. माळव्यातलं कुठलंही सोयाबीनचं शेत. आणि घरच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी खालच्या खोऱ्यातून पंपांनी पठारावर चढवावं लागतं, हे उंची आणि ऊर्जा या दोन्ही प्रकरणांना पुरतं.

रेखांश आणि वेळ यांचं उदाहरण मी हमखास करून घेते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते. १४४० मिनिटं भागिले ३६० म्हणजे अंशाला ४ मिनिटं. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. इंदूर सुमारे ७५.९ अंशांवर. फरक ६.६ अंश, गुणिले ४, म्हणजे साडेसव्वीस मिनिटांच्या आसपास. तर इंदूरला सूर्य सरासरी साडेबाराच्या जरा आधी माथ्याकडे येतो, घड्याळात बारा वाजता नव्हे. वर्षभरात ही वेळ पंधरा-सोळा मिनिटं मागेपुढे होते. गच्चीत काठी उभी करून सर्वात आखूड सावलीची वेळ टिपा. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला, सुमारे २२.७ अंशांवर आहे, त्यामुळे जूनच्या पूर्वार्धात एकदा आणि जुलैच्या पूर्वार्धात एकदा सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि काठीची सावली नाहीशी होते. ढग असले तर दैव. कर्कवृत्ताच्या उत्तरेला असलेल्या ग्वाल्हेरच्या मावसभावाला हे कधीच दिसणार नाही, आणि का दिसणार नाही, हा समासातला प्रश्न.

इतिहास : साखळी आणि खिळा

सनावळीची यादी करू नका. साखळी करा, आणि दोन कड्यांच्या मध्ये "म्हणून" किंवा "तरीही" लिहा. १९१९ रौलेट कायदा. त्याला विरोध, म्हणून सत्याग्रह. १३ एप्रिल १९१९ जालियनवाला बाग. त्याचा संताप आणि खिलाफतीचा प्रश्न एकत्र आले, म्हणून १९२० असहकार. फेब्रुवारी १९२२ चौरीचौरा, म्हणून गांधीजींनी आंदोलन मागे घेतलं. पुढचं कडं १९३०: १२ मार्चला दांडीयात्रा निघाली, ६ एप्रिलला मीठ उचललं. प्रत्येक "म्हणून" तोंडी समजावता आला पाहिजे. नाही आला तर तिथे लाल.

साखळी भिंतीला लावायला घरचा खिळा हवा. १९१८ मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून गांधीजी इंदूरला आले होते. रौलेट त्याच्या पुढच्या वर्षी, एवढं लक्षात राहिलं की १९१९ विसरत नाही. तसंच, मराठेशाहीचा शेवट शिकताना डिसेंबर १८१७ ची महिदपूरची लढाई आणि जानेवारी १८१८ चा मंदसौरचा तह घ्या. होळकर इंग्रजांचे मांडलिक कसे झाले ते कळतं, आणि राजवाड्यासमोरून जाताना प्रकरण आठवतं.

नागरिकशास्त्राला थोडक्यात: उद्देशिका पाठ करा, प्रत्येक शब्दासमोर बातमीतलं एक उदाहरण लिहा, आणि आपला वॉर्ड, आमदार, खासदार यांची कामं वेगळी करून मांडा. घटना समितीच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर १४ एप्रिल १८९१ रोजी इथल्याच महूला जन्मले, हा आणखी एक खिळा.

हिंदी आणि संस्कृत : मराठी हाताची चूक

मराठी घरातल्या मुलांचे हिंदीत मार्क जातात ते ठरलेल्या जागी. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात: कवी, शक्ती, व्यक्ती, गुरू. हिंदीत आणि संस्कृतात हे शब्द ऱ्हस्व: कवि, शक्ति, व्यक्ति, गुरु. हाताला घरची सवय असते. भाषांच्या कॉपीत एक पान या जोड्यांचं करा आणि चूक झाली की त्यात भर घाला.

दुसरी जागा लिंगाची. मराठीत आवाज मोठा, हिंदीत आवाज़ बड़ी. मराठीत विजय झाला, हिंदीत विजय हुई. पुस्तक आपल्याकडे ते, हिंदीत स्त्रीलिंगी. संस्कृतात मात्र हेच घराणं कामी येतं: तीन लिंगं आपल्या कानाला आधीच माहीत असतात, हिंदीभाषक मित्राला ती नव्यानं शिकावी लागतात. फळ ते, फलम् नपुंसक. सगळीकडे जुळेलच असं नाही, पण अंदाज बरेचदा लागतो.

इंग्रजीच्या धड्यांचे तयार सारांश पाठ करू नका. प्रत्येक धड्याची पाच वाक्यं स्वतःची, आणि धड्यातले तीन शब्द वापरून तीन वाक्यं, एवढं पुरे.

वर्षाचा हिशेब

अभ्यासाचं वेळापत्रक लिहिताना इंदूरचं कॅलेंडर समोर ठेवा. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या, म्हणजे सजवलेल्या देखाव्यांची मिरवणूक, निघतात तेव्हा सहामाही जवळ आलेली असते. रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) बहुधा मार्चमध्ये, म्हणजे ऐन परीक्षेच्या दिवसांत. त्या दिवशी अभ्यास होईल असं वेळापत्रकात लिहून स्वतःला फसवू नका. तो दिवस आधीच कोरा सोडा.

जानेवारीत डावी पानं उघडा. उजव्या पानावरचं जे अजूनही लालच आहे, म्हणजे चार उजळण्यांनंतरही अडतं, तेवढंच डावीकडे पुन्हा आठवून लिहा. वीस पानांच्या प्रकरणाचं दीड-दोन पान उरतं. परीक्षेच्या आदल्या रात्री फक्त तेवढं वाचायचं. जुने पेपर घड्याळ लावून, तीन तास सलग बसून सोडवा. मधे पाणी प्यायला उठणं चालेल, मोबाइल बघणं नाही.

महिन्यातून एकदा पानांचे फोटो काढून ठेवा. मैत्रिणीला नोट्स द्यायच्या असतील तर झेरॉक्स द्या, रजिस्टर देऊ नका. तसंही दुसऱ्याच्या लाल शाईचा आपल्याला काही उपयोग नसतो.

परीक्षा संपली की रद्दीत फक्त कच्ची कॉपी जाऊ द्या. चुकांची कॉपी अकरावीला गणित किंवा भौतिकशास्त्र घेणाऱ्यांनी ठेवावी, चिन्हांच्या चुका पत्ता बदलून तिथेही येतात. आणि विज्ञानाच्या रजिस्टरमधली शब्दांची पानं कापून नव्या रजिस्टरच्या मागे स्टेपल करा, खाली भर घालायला दोन कोरी पानं जोडून.